टपावर पाळणा, बॅटरीवर विभूती

कोल्हापुरात आमच्या घरी रविवारी बंब पेटला की पहिली तपेली कुणाच्या आंघोळीला जात नाही, ती गाडीच्या बॅटरीला जाते. आमचे हे गुळाचे व्यापारी. दुकानात माणसाशी दोन शब्द मोकळे बोलणार नाहीत, पण बॉनेट उघडून गाडीशी तासभर बोलत उभे राहतील. बॅटरीवर शिशाचे दोन खुंट असतात, त्यांना तारांचे क्लॅम्प आवळलेले असतात. त्या सांध्यावर आठवड्याभरात पांढरी-हिरवी बुरशी धरते. आतल्या आम्लाची वाफ बाहेर येते, धातू खाते आणि तिथेच फुलून बसते. ती वाढली की वीज पलीकडे जात नाही, आणि किल्ली फिरवली तरी गाडी नुसतं टक करून गप्प होते. ह्यांचा उपाय ठरलेला. कढत पाणी ओतायचं, बुरशी विरघळून खाली जाते, झालं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी कितीदा म्हटलं, अहो, एकदा स्वच्छ पुसा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि वरून काहीतरी तेलकट फासा, म्हणजे वाफ धातूला लागणारच नाही. "पंचगंगेत पाणी आहे तोवर मला शिकवू नकोस," एवढंच उत्तर यायचं.

म्हणून मराठवाड्याच्या प्रवासाचं वर्णन मी बॅटरीपासून सुरू करते आहे. "त्या दुष्काळात तिकडं काय बघायला गेला होता?" असं आमच्या गल्लीत जो तो विचारतो. त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकते.

माझा धाकटा भाऊ बाळू. त्याची सासुरवाडी हिमायतनगरला, म्हणजे नांदेडच्याही पलीकडे. लग्नाला कैक वर्षं झाली, नवस झाले, डॉक्टर झाले, आणि आम्ही सगळ्यांनी विचारायचं सोडून दिलं तेव्हा त्याच्या बायकोला दिवस गेले. मुलगी झाली. बाळूनं ट्रंककॉल लावला आणि तिकडून ओरडून सांगितलं, "ताई, सोमवारी बारसं आहे. पाळणा घेऊन ये. आणि दिवेलागणीच्या आत पोच. सासूबाईंनी शेजारची एक मानलेली आत्या तयार ठेवलीय. उशीर झाला तर नाव तीच ठेवणार."

बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. बाळूला बहीण मी एकटी. "त्या बाईला म्हणावं, पाळण्याला हात तर लावून बघ," मी ओरडले आणि लाइन तुटली.

पाळणा आमच्या माहेरचा, सागवानी. मी त्यात झोपले, बाळू झोपला. माळ्यावरून काढला, तेलपाणी केलं, आणि ह्यांनी तो गाडीच्या टपावर अशा दोऱ्यांनी बांधला की गुळाच्या ढेपांनासुद्धा हेवा वाटावा. एसटीनं गेलो असतो तर पाळणा गेला नसता, म्हणून गाडी. गाडी म्हणजे हे, आणि हे म्हणजे बॅटरी.

औसा

सोलापूरपर्यंतचं काही सांगत नाही. ऊन होतं आणि हे गप्प होते.

तुळजापूर मागे पडलं आणि मुलूख बदलला. आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा कुठे ना कुठे ऊस हिरवा दिसतो, डोळ्याला सवय असते. इथे काळी जमीन भेगाळून पडली होती. विहिरीत डोकावलं की तळाचा दगड दिसायचा. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या त्या घागरी. एका गावाच्या वेशीवर घागरींची लांबलचक रांग होती, आणि माणूस एक नाही. टँकरसाठी घागरी नंबर लावून ठेवलेल्या, माणसं आपापल्या कामाला गेलेली. एकाही घागरीनं नंबर मोडला नव्हता. आमच्याकडे नळाला पाणी असताना बायका भांडतात, ते आठवून मला हसू आलं.

औशाला किल्ल्याजवळ चहाला थांबलो. चहा झाला, किल्ली फिरवली, टक. बॉनेट उघडलं तर दोन्ही खुंटांवर बुरशीचा गड्डा. रविवार होता ना. बॅटरीची आंघोळ चुकलेली. ह्यांनी सवयीनं चहावाल्याला हाक मारली, "मालक, तांब्याभर कढत पाणी मिळंल का? बॅटरीवर ओतायला."

चहावाल्यानं ह्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "चा मागा, धा कप देतो. पाणी मागू नगा साहेब."

ह्यांनी एक क्षण चहाच्या पातेल्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला भीती वाटली, हे आता खरंच दहा कप घेतात की काय. तेवढ्यात बाजारातली चार माणसं जमली. एकानं वर बघून विचारलं, "पाळणा रिकामा हाय का भरलेला?"

"भरायला चाललोय," मी म्हटलं. "भाचीचं बारसं आहे."

"मंग ढकला की. बरकतीचं काम हाय." आणि खरंच, कुणी ओळखीचं नाही, पाळखीचं नाही, पण चौघांनी डोकी खाली घालून गाडी पार बसस्टँडपर्यंत ढकलली. गाडी सुरू झाली तेव्हा आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. मागून एकजण ओरडला, "नाव चांगलं ठिवा."

लातूर

लातूरला अप्पांकडे मुक्काम होता. अप्पा डाळमिलचे मालक. आमचा गूळ त्यांच्याकडे येतो, त्यांची तूरडाळ आमच्याकडे जाते, आणि हा व्यवहार गेली कैक वर्षं चालू असूनही दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरं धोतर-सदरा, आणि सदऱ्यावर डाळीची धूळ. "शरणार्थ, शरणार्थ, या," म्हणत त्यांनी ह्यांना मिठीच मारली. आमच्या ह्यांना मिठीची सवय नाही. ते खांबासारखे उभे राहिले.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. अप्पांनी चहाच्या आधी आम्हाला गावच दाखवलं. दुकानांच्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलं होतं, पण रंग कमी पडला असावा, जुनी अक्षरं खालून दिसत होती. अप्पा प्रत्येक पाटीपुढे थांबून ती वाचायचे. "पयले कलेक्टरकडं जायचं तर दिवस मोडत व्हता. आता कलेक्टर हितंच बसतोय. पानी न्हाई, ते येईल. जिल्हा आला, पानी बी येईल." जिल्ह्याच्या गावाला शोभावी म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक मोटारही घेतली होती. तिचं बॉनेट उघडून त्यांनी ह्यांना बॅटरी दाखवली. दोन्ही क्लॅम्पांवर विभूतीचे पट्टे ओढलेले, आणि बुरशी औषधालाही नाही.

"दर सोमवारी लावतो. देवाची किरपा हाय," अप्पा म्हणाले. हे वाकून वाकून बघत राहिले.

अप्पांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणत. अव्वांनी वाढलेलं जेवण मी जन्मात विसरणार नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं, तांबडा-पांढरा रस्सा असल्याशिवाय पाहुणचार झाला असं मानत नाही. इथे मटणाचं नाव नाही, पण येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी अशी झणझणीत की ह्यांनी तीनदा मागून घेतली. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, त्यावर करडईचं तेल. शेवटी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, तुपात बुडालेली. गूळ आमचाच होता. ते कळल्यावर ह्यांनी हुग्गी चार वेळा घेतली.

पाण्याची मात्र रीत वेगळी. जेवून हात धुतले ते पातेल्यात, ते पाणी गेलं पेरूच्या झाडाला. ताटं कोरड्या राखेनं घासून, फडक्यानं लख्ख पुसली. सकाळी आंघोळीला अर्धी बादली, ती परातीत बसून करायची. परातीत साठलं त्यात कपडे भिजले, आणि कपड्यांचं उरलं ते अंगणात शिंपलं. एकेक थेंब तीन-तीन नोकऱ्या करत होता. हे परातीत बसून आंघोळ करून आले तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बॅटरीला गरम पाणी मागायची त्यांची छातीच झाली नाही. मला मनातून लई बरं वाटलं.

मग त्यांनी अंगणात कोरडा उद्योग सुरू केला. पान्यानं क्लॅम्प सोडले, पॉलिश पेपरनं दोन्ही खुंट घासले, बुरशी झटकली. खुंट नव्या रुपयासारखे चमकायला लागले. पुसायला फडकं हवं म्हणून हे घरात आले.

मी ओसरीवरून बघत होते. अप्पा पूजा आटोपून बाहेर आले, हातात विभूतीची वाटी. सोमवार होता. पाहुण्यांची गाडी, लांबचा प्रवास, बारशाचं काम. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावलं आणि थबकले. काळ्या चौकोनी पेटीवर दोन छोटे गोल खुंट, उघडे, चमकते. "आं, ह्या तर दोन पिंडी," अप्पा पुटपुटले. डोळे मिटून त्यांनी ओल्या विभूतीचा जाड लेप दोन्ही खुंटांना सगळीकडून दिला, वर तीन बोटं ओढली, आणि एकेक बेलाचं पान ठेवलं. त्या दुष्काळात बेल सुद्धा कुठून आणला होता कोण जाणे.

हे फडकं घेऊन आले आणि तसेच उभे राहिले. अप्पा हात जोडून उभे. ह्यांनीही हात जोडले. मग बेलाची पानं उचलून डोळ्यांना लावली, खिशात ठेवली, आणि विभूतीवरूनच क्लॅम्प दाबून बसवले.

"अहो, पुसा की आधी," मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हटलं. "मधे राख राहिली तर वीज जाणार कुठून?"

"यजमानाच्या देखत त्याचा देव पुसू?"

किल्ली फिरवली. टक. अप्पांनी लगेच मिलमधले हमाल बोलावले. "ढकला, फिकीर करू नगा, देव संगं हाय." हमालांनी पोती हलवावीत तशी गाडी हलवली आणि ती सुरू झाली. अव्वांनी खिडकीतून शेंगापोळ्यांचा डबा दिला, अप्पांनी विभूतीची पुडी दिली. अव्वा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आत्याबाई, वेळेत पोचा. पोरीचं नाव दुसऱ्याच्या तोंडी जाऊ देऊ नगा."

माळाकोळीच्या अलीकडे

लातूर सुटलं तशी मी म्हटलं, "आता यजमान नाहीत. थांबा आणि पुसा."

"थांबलो तर सुरू कोण करणार? तू ढकलणार?"

ते बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. अहमदपूरला चहा प्यायलो तो इंजिन चालू ठेवून, एकेकानं उतरून. मी उतरून चहा प्यायले तेव्हा हे आत, हे उतरले तेव्हा मी आत ब्रेकवर पाय ठेवून. असा चहा देवानं वैऱ्यालाही देऊ नये. पण गाडी पळत होती, आणि उन्हं कलायच्या आत पोचू असा हिशोब होता.

माळाकोळीच्या अलीकडे सपाट रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला. ह्यांनी ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. शेळ्या गेल्या, त्यांचा धनी गेला, आणि रस्त्यावर आम्ही दोघं, टपावर पाळणा. किल्ली फिरवली, टक. पुन्हा फिरवली, टक सुद्धा नाही. मी मागून ढकलून बघितलं. गाडी हलली म्हणायला हलली, पण माझ्याच चपला मागे सरकत होत्या.

अर्धा तास गेला. एक ट्रक गेला तो थांबला नाही. हे बॉनेटकडे बघत होते आणि मी सावलीकडे. माझ्या डोळ्यापुढे ती मानलेली आत्या उभी राहिली, चांगली जरीचं लुगडं नेसून, बाळाच्या कानाशी वाकलेली. मला रडूच फुटलं. खोटं कशाला सांगू, रस्त्यात उभी राहून रडले. बाळूच्या पोरीची मी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि तिचं नाव परकी बाई ठेवणार, का, तर आमच्या ह्यांना राख पुसायला संकोच वाटतो.

रडून झालं तसा पदर खोचला. "पाना द्या इकडं."

"अगं, देवाची..."

"देवाचं मी बघते." अप्पांची पुडी उघडली. विभूती घेतली, आधी ह्यांच्या कपाळाला तीन बोटं ओढली, मग माझ्या. "झालं? देव आता कपाळावर आहे. खुंटावरची पुसली तर त्याचा काही अपमान नाही. तो कुठे जागा धरून भांडत नाही." ह्यांनी पाना दिला. सकाळी ओसरीवरून बघून मला सगळं पाठ झालं होतं. आधी बॉडीला जोडलेली तार सोडायची, मग दुसरी.

क्लॅम्प निघाले, पण विभूती निघेना. उरल्यासुरल्या आम्लाशी मिळून तिचा चुन्यासारखा गिलावा झाला होता. खालचं शिसं दिसत नव्हतं. तेव्हा रस्त्यालगत कडुलिंबाआडच्या घरातून एक बाई आली. तिशीची असेल. गावच्या बालवाडीत शिकवायची, नाव सुजाता. घरात समोरच भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसत होती, बाजूला पोरांना शिकवायचे अक्षरांचे तक्ते.

"कवाधरनं बघून राहिले मी," ती म्हणाली. "काय झालं? आन् ह्यो पाळणा कुठं चाललाय?"

मी सगळं सांगितलं. बारसं, मानलेली आत्या, अप्पा, दोन पिंडी. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिचं बघून मला, आणि शेवटी ह्यांनाही हसू आलं.

"खायचा सोडा आहे का हो?" मी विचारलं. "आणि अगदी थोडंसं पाणी. अर्धा कप."

पाणी म्हणताना जीभ जड झाली. तिनं विचार केला. "भांडी विसळल्यालं लिंबाला ठिवलंय. ते चालंल का?"

"पळंल," हे म्हणाले. रविवारी तपेली ओतणारा माणूस अर्ध्या कपाला पळंल म्हणाला.

ती सोडा, काथ्या आणि पितळी वाटीत ते पाणी घेऊन आली. मी मोठा गिलावा आधी कोरडाच खरवडून कागदावर घेतला. ती विभूती कुठे टाकायची, पायदळी नको, म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तर सुजाता म्हणाली, "आमच्यात इभूत लावत न्हाईत. पण लिंबाच्या बुडात घाला की, झाडाला समदं चालतंय." तिच्या लिंबाच्या मुळाशी ती घातली. मग सोड्याचं पाणी काथ्यावर घेऊन थेंब थेंब सोडलं. खुंट असे फसफसले की सुजाता वाकून बघायला लागली. "हे पोरांना दाखवाय पायजे," म्हणाली. फसफस थांबली की आम्ल मेलं. घासलं, कोरडं पुसलं, क्लॅम्प आतून साफ केले, आणि उघड्या धातूवर उघडा धातू बसवून हे आवळत गेले. आता वरून तेलकट हवं. माझ्या पिशवीत टाचांच्या भेगांना लावायच्या पेट्रोलियम जेलीची डबी होती. आवळून झाल्यावर वरून, बाहेरून, तिचा जाड थर दिला.

परतताना लातूरला अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते आधी गंभीर झाले, मग मांडीवर हात मारून हसले. "म्हंजे आदी वस्त्र, मंग गंध. माझ्या गाडीला क्लॅम्पचं वस्त्र चढवून गंध लावतो, तुमच्या गाडीला उघड्या अंगाला लावला. पूजेचा क्रमच चुकला की माझा." इतकं सोपं करून मला काही सांगता आलं नसतं.

तर, किल्ली. ह्यांनी डोळे मिटले, कपाळाची विभूती तशीच, आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली. ह्यांनी ती लगेच बंद केली. मी किंचाळायच्या आत पुन्हा सुरू केली. आणि लहान पोरासारखे हसले.

सुजाता आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली. "घोटभर प्या तरी."

तिच्या दारातली घागर मी पाहिली होती. एकच होती. तिच्यातलं उचलायला माझा हात धजेना, आणि उन्हं कलली होती. "परत येताना नक्की पिऊ," मी म्हटलं.

"समदे तसंच म्हणत्यात," ती हसून म्हणाली आणि तांब्या आत घेऊन गेली. तिच्या हसण्यात राग नव्हता. पण गाडी चालायला लागल्यावर बराच वेळ ते वाक्य माझ्या कानात राहिलं. ह्यांच्याही राहिलं असावं, कारण नांदेड येईपर्यंत ते सारखे आरशातून मागे बघत होते.

हिमायतनगर

नांदेडला गोदावरीच्या पुलावर थांबलो नाही. खाली नदी म्हणायची ती वाळूतून बारीक धारेनं चालली होती. भोकरच्या पुढे झाडी दिसायला लागली, पळसाची आणि सागाची, पानगळलेली. तेलंगणाकडची हवा. रस्त्यात एका ठिकाणी ह्यांनी गरज नसताना गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. मी हात जोडले.

दिवे लागायला आले तेव्हा बाळू गावाबाहेर रस्त्यावर उभा होता. टपावरचा पाळणा लांबून दिसला तसा तो दोन्ही हात वर करून धावत सुटला, चाळिशीला आलेला माणूस. "ताई, ती बसली पाटावर," एवढंच म्हणाला.

घरात बायकांची गर्दी. मानलेली आत्या खरंच पाटावर, जरीचं लुगडं मी कल्पिलं होतं तसंच. माझे हात काळे, कपाळावर विभूती, केस सुटलेले. ती माझ्याकडे बघून उठली, आणि मला तोंडात आलेलं काही बोलावं लागलं नाही. "या आत्याबाई," ती म्हणाली, "मी नुसतीच जागा धरून बसले. घागरीवानी." ह्याच्यावर मी काय भांडणार? मी तिला मिठी मारली. तिच्या लुगड्याला बॅटरीचा डाग पडला तो पडलाच.

बाळूच्या सासूबाईंनी मला परसात नेलं, साबण दिला आणि पूर्ण तांब्या पाणी माझ्या हातांवर ओतलं. मी "पुरे, पुरे" म्हणत होते. "बाळाला घ्यायचं हाय, हात सोच्छ पायजेत," त्या म्हणाल्या आणि ओततच राहिल्या.

पाळणा टांगला. घुगऱ्या वाटल्या. बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून बाळ दिलं-घेतलं. केवढीशी होती, मुठी आवळलेली, क्लॅम्पसारख्या घट्ट. नाव मी कोल्हापूरहून ठरवून नेलं होतं. बाळूलाही सांगितलं नव्हतं. मी वाकले, कानाशी तोंड नेलं, आणि कुर्र करून भलतंच नाव सांगितलं. रस्त्यात कुठे तरी ते बदललं होतं, मलाही वाकेपर्यंत माहीत नव्हतं.

"काय ठेवलं, काय ठेवलं?" सगळ्या विचारायला लागल्या.

"सुजाता," मी म्हटलं.

हे दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कपाळावरच्या विभूतीला हळूच बोट लावलं.

परत

चार दिवसांनी परत निघालो. चार दिवस बॉनेट उघडलं नव्हतं, तरी गाडी रोज पहिल्या झटक्याला सुरू होत होती. माळाकोळी मागे पडल्यावर ह्यांनी न सांगता गाडी लिंबाखाली घेतली आणि बंद केली.

सुजाता बालवाडीतून नुकतीच आली होती. "आल्या की आत्याबाई," म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य लपलं नाही. "काय ठिवलं नाव?"

मी सांगितलं. ती पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं, मग उठून आत गेली. आली ती काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन. घागरीतला, पिण्याचा.

"उघडा बॅटरी," ती ह्यांना म्हणाली. "आज अर्धा कप न्हाई. आज पुरा तांब्या."

ह्यांनी बॉनेट उघडलं, तिला दाखवलं. जेलीखाली दोन्ही खुंट तसेच लख्ख होते, बुरशीचा कण नाही. "आता बॅटरीला नको," हे म्हणाले. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, तिच्याच पायरीवर टेकले, आणि निम्मा पिऊन माझ्यासाठी ठेवला.